धकातेभाऊंची लाल चिठ्ठी

माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे: जे चालू आहे त्याला हात लावावा, की लावू नये? या प्रश्नावर राज्ये बुडाली, पंथ फुटले, शहाण्या माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. भंडाऱ्यात त्याचा निकाल वसंतराव धकाते वीतभर तारेने लावतात.

तारेला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी असते, पोस्टकार्डाच्या निम्मी. वर ठळक अक्षरांत ‘काम बाकी. हात लावू नये.’ असे छापलेले, खाली शेरा, नाव आणि तारीख यांसाठी रेघा. धकातेभाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात बत्तीस वर्षे यंत्रांच्या देखभालीवर होते. दुरुस्तीच्या यंत्राला लाल चिठ्ठी बांधायची आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. नियम चांगला आहे. भलत्यानेच चिठ्ठी सोडून बटण दाबले, तर आत हात घातलेल्या माणसाचा हात आतच राहतो. पुढे धकातेभाऊ निवृत्त झाले. नियम झाला नाही. गावातल्या छापखान्यातून त्यांनी स्वतःसाठी हजार चिठ्ठ्या छापून घेतल्या, आणि तेव्हापासून आम्हा शेजाऱ्यांच्या आयुष्याला लाल रंग आला.

मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी मला प्रेमळ वगैरे समजणार नाही.

त्यांच्या घरात पाण्याचा पंप, माळ्यावरची शिडी, बैठकीतला पंखा, कशालाही चिठ्ठी असू शकते. एकदा लोणच्याच्या बरणीला होती. शेरा: ‘मुरले नाही.’ वहिनींना स्वतःच घातलेले लोणचे तीन आठवडे खाता आले नाही. गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी गुडघ्याला चिठ्ठी बांधली. हाडांच्या डॉक्टरने तपासायला म्हणून ती सोडली, तर भाऊ तपासणीच्या टेबलावरच उठून बसले.

“बांधली कोनं? मी. मंग सोडाची कोनं?”

आवाज कारखान्यातला. बत्तीस वर्षे यंत्रांच्या वरताण बोलल्यामुळे, यंत्र नसले तरी ते वरताणच बोलतात. बाहेर बसलेले चार रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले म्हणतात.

दर सोमवारी सकाळी, कारखान्याची बस सुटायच्या वेळेला, ते कानाला पेन अडकवून घरभर फेरी मारतात. ही कसली फेरी, ते मी कधी विचारले नाही. धकातेभाऊंना प्रश्न विचारला की उत्तर मिळते, हा त्यात धोका.

मुलगी प्रणाली हैदराबादला नोकरीला आहे. दोघे नवराबायको एकदा तिच्याकडे गेले. पंधरा दिवस राहायचे ठरले होते, सहाव्या दिवशी परतले. तिच्या इमारतीतली लिफ्ट आठव्या मजल्यावर कुरकुरते असे भाऊंच्या लक्षात आले होते. त्यांनी चिठ्ठी बांधली. छापील आणि लाल दिसल्यामुळे लोकांना ती लिफ्टच्या कंपनीची वाटली, आणि चौदा मजल्यांची इमारत दोन दिवस जिन्याने चढली. मग कोणीतरी खालची सही वाचली.

“पोरगी माह्यावर इतकी भडकली, इतकी भडकली,” भाऊ सांगत होते. “म्हने, बाबा, हे तुमचं भंडारा नाही. म्हनलं, लिफ्टले का मालूम, थे कोन्या गावात हाये?”

त्यांची सगळ्यात गाजलेली चिठ्ठी मात्र आमच्या वाचनालयातली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या वाचनालयाचा बिनपगारी सचिव आहे. वार्षिक सभेच्या दिवशी भाऊंनी अध्यक्षांच्या खुर्चीचा पाय हलतो हे पाहिले आणि खुर्चीच्या हाताला चिठ्ठी बांधली. आमचे अध्यक्ष व्यासपीठावर गळ्यात पडेल ते सन्मानाने स्वीकारतात. त्यांनी ती चिठ्ठीही हारासारखी हळुवार बाजूला केली, श्रोत्यांना नमस्कार केला आणि बसले. ‘ज्ञानाच्या या भक्कम आसनावर’ असे शब्द तोंडात असतानाच ते खाली गेले.

शेवटच्या रांगेतून आवाज आला, “लिहून देल्लं होतं!”

तेव्हापासून अध्यक्ष आणि धकातेभाऊ यांच्यात बोलणे नाही. ते माझ्यामार्फत बोलतात, म्हणजे दोघांच्या शिव्या मला ऐकाव्या लागतात.

आता सर्व्हर.

धकातेभाऊंच्या मागच्या खोलीत, त्यांच्या वडिलांचा हातमाग जिथे होता त्याच जागी, एक काळी पेटी रात्रंदिवस घूं करत असते. प्रणालीने शिक्षण संपल्यावर हैदराबादला जाण्याआधी दोन वर्षे इथे धंदा केला, गावातल्यांची संकेतस्थळे बनवून या पेटीवर ठेवण्याचा. दोन शाळा, एक राईस मिल, एक मंगल कार्यालय, एक वधूवर मंडळ आणि आमचे वाचनालय. पेटीत वेबसर्व्हर नावाचे सॉफ्टवेअर असते. ते म्हणजे आमच्या देवघेवीच्या खिडकीवरचा माणूस. कोणी पान मागितले की आत जातो, शोधतो, आणून देतो. फरक इतकाच की हा चहाला जात नाही.

आमच्या अकरा हजार पुस्तकांची यादी त्या पेटीत आहे. ती मी टाइप केली आहे, एका बोटाने, चार वर्षे. पहिली दोन वर्षे प्रणाली शेजारी बसून चुका दाखवायची. “काकाजी, कादंबरी शेतीच्या खान्यात गेली.” मी म्हणायचो, धानाचीच कादंबरी आहे, राहू दे. ती राहू द्यायची नाही. बापाची पोरगी.

यंदा अध्यक्षांनी या यादीचे लोकार्पण करायचे ठरवले. यादी वर्षभरापासून लोकांसमोर आहे आणि लोकांनी तिची दखल घेतलेली नाही. पण मोठा पाहुणा येऊन बटण दाबत नाही तोवर एखादी गोष्ट लोकांची होत नाही, असा आपल्याकडे समज आहे. पाहुणा ठरला, मांडव ठरला. पाहुण्यासमोर काही बिघडू नये म्हणून अध्यक्षांनी नागपूरहून एक सल्लागार बोलावला.

सल्लागार बूट घालून मागच्या खोलीत शिरायला निघाला, तिथेच पहिली ठिणगी पडली. भाऊंनी त्याला बूट काढायला लावले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायला सांगितले. यंत्राजवळ पाहुण्याने असेच उभे राहायचे असते.

“पण मला तपासणी करायची आहे,” सल्लागार म्हणाला.

“डोये हायेत ना? मंग करा. हात कायले पाह्यजे?”

पाच मिनिटांनी तो बाहेर आला. निघताना त्याने मोबाईलवर पेटीचा एक फोटो काढला. आठवडाभराने अडतीस पानांचा अहवाल आला. प्रत्येक पानावर ‘सायबर’ हा शब्द आणि एक लाल त्रिकोण. अकराव्या पानावर निष्कर्ष: ‘सदर सर्व्हरवरील वेबसर्व्हर सॉफ्टवेअरची आवृत्ती कालबाह्य असून अद्ययावतीकरण प्रलंबित आहे. स्थिती अत्यंत गंभीर.’

अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावून ठराव केला. आठ दिवसांत वेबसर्व्हर बदलावा, नाहीतर यादी त्या घरातून उचलून सल्लागाराच्या कंपनीकडे द्यावी. अंमलबजावणी: सचिव. म्हणजे मी. सल्लागाराने त्याच्या कंपनीचा नमुना मला दाखवला होता. त्यात लेखकाचे नाव मराठीत टाकले की शेजारच्या जिल्ह्यातले हॉटेल येत होते. माझी चार वर्षे आणि माझे ते एक बोट डोळ्यांसमोर आले.

मी गेलो. भाऊ पेपर वाचत होते. मी ठराव वाचून दाखवला.

“चालू हाये ना?” ते म्हणाले.

“चालू आहे, पण जुनं आहे, भाऊ.”

“तुमचे अध्यक्षबी जुनेच हायेत. त्यायचं वर्जन बदललं का?”

“भाऊ, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कोणी आत शिरलं तर?”

“माह्या घरात? शिरून दाखवा म्हना!”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. या वेळी ते मला थेट पेटीपाशी घेऊन गेले आणि बोट दाखवले. पेटीच्या कडीला लाल चिठ्ठी होती. इतकी वर्षे ती तिथे होती, पण त्या घरात लाल चिठ्ठी पाहणे म्हणजे भिंत पाहण्यासारखे. मी कधी वाचली नव्हती. आता वाचली. अक्षर प्रणालीचे. ‘वर्जन बदलायचं राहिलं आहे. दिवाळीत आल्यावर करते. — प्रणाली.’

“तिनं बांधली,” भाऊ म्हणाले. “थेच सोडन. मी कोन, तुमी कोन?”

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, अडतीस पानी अहवालातले सगळे तांत्रिक ज्ञान या चिठ्ठीवरून घेतले होते. सल्लागाराने फोटो काढला तो हिचाच. दोन, चिठ्ठीवरच्या तारखेनंतर तीन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

मी म्हणालो, “भाऊ, ती तीन वर्षं आली नाही.”

ते एकदम उसळले. “सुटी नाही भेटत तिले! तुमच्या वाचनालयासारखं काम नाही तिथी, का माशा हाकलत बसलं! गेल्या साली नागपूरपर्यंत आली होती, चुलतबहिनीच्या लग्नाले. तिथूनच गाडी होती वापसची. नागपूर का दूर हाये? नागपूर म्हनजे घरच.”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “हाव. आसगावच्या बहिनीनं देल्लेला चिन्नोर तांदूळ डब्यात घरच समजून पडला हाये. तीन सालापासून तिच्यासाठी ठेवून राहिली मी. किडे खाऊन राहिले.”

“तू नोको बोलू मधात!”

“तुमी बोला. सारा मोहल्ला ऐकून राहिला, एक मीच कायले ऐकू?”

सातव्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी मला ‘कणा नसलेला सचिव’ म्हटले. खुर्चीवरून पडलेल्या माणसाने कण्याबद्दल बोलावे, याचा मला इतका संताप आला की मी फोन ठेवला आणि तो संताप घेऊन सरळ धकात्यांकडे गेलो. अध्यक्षांचा राग त्यांच्यावर काढायची सोय आमच्या गावात नाही.

त्या दिवशी आम्ही दोघे इतके ओरडलो की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली, नीट ऐकू यावे म्हणून. मी त्यांना हट्टी म्हणालो, अडाणी म्हणालो, जिवंत माणसाला चिठ्ठ्या बांधणारा म्हणालो. ते मला पुस्तकातला किडा म्हणाले. मी म्हणालो, माझी चार वर्षांची मेहनत तुमच्या एका पुठ्ठ्यापायी बुडते आहे. ते म्हणाले, “बुडू द्या!”

तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो, वहिनींची कैची उचलली आणि मागच्या खोलीत शिरलो.

धकातेभाऊ ओरडले नाहीत. ते दारात उभे राहिले. हात पाठीमागे होते, यंत्राजवळ पाहुण्याने उभे राहावे तसे.

तार कापायला मी चिठ्ठी हातात धरून उलटी केली. मागे बारीक अक्षरांत तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे ‘व. ध.’ अशी सही. पाठ भरली म्हणून त्याच तारेत दुसरा पुठ्ठा ओवला होता. तोही भरला होता. मग तिसरा, चौथा. सगळे सोमवार. एकही चुकलेला नव्हता.

“हे काय आहे?” मी विचारले.

“नियम हाये,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा लहान आवाज ऐकला. “चिठ्ठी लय दिवस राहिली, तर दर हप्त्याले पाहाचं. काम बाकी हाये का नाही, थे पाहाचं, आन सही कराची. नाही तं चिठ्ठी बाद होते.”

कैची मी वहिनींना परत दिली. बाहेर आलो, गिरणीपाशी उभा राहिलो आणि प्रणालीला फोन लावला. रागातच लावला. राग आता कोणावर होता ते मात्र मला नीट ठरवता येत नव्हते.

“प्रणाली, तू सर्व्हरचं वर्जन बदलायला कधी येणार आहेस?”

“कोणतं वर्जन, काकाजी?”

मी सगळे सांगितले. अहवाल, ठराव, आठ दिवस. मग ती भडकली. आवाज थेट बापाचा.

“काकाजी, ते तर मी गेल्याच्या दुसऱ्याच महिन्यात इथून केलं! त्यानंतर चार वेळा केलं! दहा मिनिटांचं काम आहे ते, मी दर वेळी इथूनच करते. तुमच्या सल्लागाराने एकदा तरी आत पाहिलं का?”

“तुझ्या बाबांना माहीत आहे?”

“माहीत? प्रत्येक वेळी ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो! तेच तर सांगतात मला. दोन-दोनदा वाचून सांगतात!”

मी परत आत गेलो. धकातेभाऊ बैठकीत बसले होते, पेपर उघडा, नजर त्यात नाही.

“भाऊ, काम तर कधीच झालं आहे.”

“हाव.”

“पाच वेळा झालं आहे.”

“हाव. पाच.”

“मग आठ दिवस माझं डोकं का खाल्लं? एका शब्दात सांगता आलं असतं! अध्यक्षांनी मला काय काय म्हटलं माहीत आहे?”

त्यांनी पेपरची घडी केली. फार वेळ लावून केली.

“काम झालं म्हनलं असतं, तं तुमी म्हनले असते, मंग सोडा चिठ्ठी,” ते म्हणाले. “काम तिथून होते जी, सर. चिठ्ठी तिथून नाही सुटत.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात अजून कैची होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्या घरात ही घटना म्हणून नोंदवण्यासारखी आहे.

मी पुन्हा बाहेर येऊन फोन लावला आणि प्रणालीला जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण मी शिक्षक होतो. शेवटी एवढेच म्हणालो, “चिठ्ठी तुझी आहे. मागच्या सह्या मोजायला तरी ये.”

अध्यक्षांना मी एका ओळीचे पत्र दिले: ‘अद्ययावतीकरण पूर्ण झाले आहे.’ कधी, ते लिहिले नाही. कोणी विचारलेही नाही. लोकार्पणाच्या भाषणात अध्यक्षांनी सांगितले की त्यांच्या खंबीर नेतृत्वाखाली हे अवघड काम अवघ्या आठ दिवसांत तडीस गेले. सल्लागाराला शाल मिळाली. पाहुण्याने बटण दाबले, पडद्यावर यादी आली आणि टाळ्या पडल्या. अध्यक्ष उभ्यानेच बोलले. सगळा वेळ.

प्रणाली पुढच्या शनिवारी आली. मी गेलो तेव्हा तिने चिठ्ठी सोडलेली होती आणि पुठ्ठे पत्त्यांसारखे हातात धरून ती खाली फरशीवर बसली होती. भाऊ तिच्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, की तार अशी वाकडी सोडतात का, पक्कड कायले देल्ली होती. ती ओरडत होती, की बाबा, तीन वर्षांत एकदा तरी सरळ म्हणायचं, ये म्हणून. ते म्हणाले, “लिहून देल्लं होतं तूनंच! मी कायले म्हनू?” दोन दिवस त्या घरातून भांडण ऐकू येत होते, आणि चिन्नोरच्या भाताचा वास. इतके समाधानी भांडण मी अलीकडे ऐकले नव्हते. गिरणीवाल्याने दोन्ही दिवस दळण घेतले नाही.

सोमवारी पहाटे ती गेली. सकाळी यादीत एक पुस्तक घालायचे म्हणून मी मागच्या खोलीत गेलो, तर धकातेभाऊ पेन घेऊन पेटीपाशी वाकलेले होते. कडीला नवी कोरी लाल चिठ्ठी. अक्षर प्रणालीचे. ‘पुढचं वर्जन टाकायचं आहे. पोळ्याला येऊन करते.’

त्यांनी उलट बाजूला तारीख घातली, सही केली आणि माझ्यावर खेकसले, “हात पाठीमागं!”

मी घरी येऊन चौकशी केली. पुढचे वर्जन अजून निघालेलेच नाही.